केटी, छोटू आणि आजाराचं मोजमाप

आमच्या विंगेतल्या कुत्रीचं नाव केटी. एकदा मागे लागली की सुटता सुटत नाही, म्हणून कुठल्याशा सीनिअर बॅचने ठेवलेलं नाव. मेसच्या मागच्या दाराशी तिचा कायमचा मुक्काम. रविवारी सकाळी आम्ही चार टाळकी तुंगार्लीच्या धरणाकडे चढायला निघालो की केटी सगळ्यांच्या पुढे. आम्ही पहिल्याच वळणावर धापा टाकत उभे, आणि ही वर जाऊन, खाली येऊन, परत वर!

गेल्या पावसाळ्यात याच चढावर माझं आणि माझ्या पार्टनरचं कडाक्याचं भांडण झालं. पार्टनर म्हणजे पक्का कुत्रेवाला. स्वतः सकाळचा नाश्ता चुकवेल, पण तुंगार्लीतल्या बंगल्यांच्या गल्लीतली कुत्री उपाशी ठेवणार नाही. त्याने आदल्या रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशातली प्रयोगशाळा, पिंजऱ्यात गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री, पाय आखडलेले, तोंडातून लाळ गळतेय. तो चिडून म्हणाला, "मुद्दाम आजारी पिल्लं जन्माला घालतात आणि मग ती कशी खंगत जातात ते महिनोन् महिने मोजत बसतात. याला शास्त्र म्हणायचं?"

मी म्हटलं, "माझ्या मावसभावाला तोच आजार आहे."

धरण येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. तेव्हा जे बोलता आलं नाही ते या लेखात लिहितोय. पार्टनरने कच्चा मसुदा वाचलाय. त्याला सगळं पटलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

माझ्या मावसभावाला घरात सगळे छोटू म्हणतात. राहतो कराडकडे, वय १५, यंदा दहावीला. चार वर्षांचा असताना तो जमिनीवरून उठायचा ते एका विशिष्ट पद्धतीने. आधी हात टेकायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राहायचा. आम्ही पोरं हसायचो. आजी म्हणायची, "आळशी आहे मेला." पोटऱ्या तर चांगल्या भरलेल्या दिसायच्या, त्यामुळे पायांत ताकद कमी आहे अशी शंका कुणाला यावी? पुढे पुण्याला नेलं, रक्त तपासलं, जनुकीय तपासणी झाली आणि नाव कळलं : ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. वयाच्या अकराव्या वर्षी तो व्हीलचेअरवर आला.

हा आजार थोडक्यात असा. आपल्या स्नायूंच्या पेशींत डिस्ट्रॉफिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायू आकसताना पेशीच्या आवरणावर जो ताण येतो तो सोसायला हे प्रथिन मदत करतं. मेकॅनिकलवाल्यांनी शॉक अॅब्सॉर्बर समजावा. तो नसला तर प्रत्येक पावलागणिक पेशी थोडी थोडी फाटते. शरीर दुरुस्ती करत राहतं, पण काही वर्षांत दुरुस्तीची ताकद संपते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साठतात. आधी पाय, मग हात, शेवटी श्वासाचे स्नायू आणि हृदय. या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि आई बहुधा नकळत वाहक असते. काही वेळा मात्र आईत काहीही दोष नसतो, बिघाड मुलातच नव्याने झालेला असतो. घराघरांत सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. हे जनुक १९८६-८७ च्या सुमारास सापडलं. सुमारे २२ लाख अक्षरांचं, ७९ तुकड्यांत विभागलेलं, माणसाच्या सर्वात लांब जनुकांपैकी एक.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. छोटू सहा वर्षांचा असताना कुणीतरी मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, एका ठिकाणी पाठवलं. तिथे स्टेम सेलची इंजेक्शनं देत होते. काही लाख रुपये सांगितले. काकांनी चार गुंठे विकले. इंजेक्शनं झाली, आणि तीन महिन्यांनी छोटू खरंच जरा बरा चालायला लागला! मावशीने पेढे वाटले. मी स्वतः ते पेढे खाल्लेत. पुढच्या वर्षी "आणखी एक डोस" सांगितला, तेव्हा काकांकडे विकायला काही उरलं नव्हतं. आठव्या वर्षी छोटू जिन्यावर पडला आणि त्यानंतर जिना चढलाच नाही. घरात आजही एक वाक्य अधूनमधून कानावर येतं, "तो दुसरा डोस दिला असता तर..."

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. कारण ते खरं की खोटं, हे आम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता. इंजेक्शनाआधी तो किती चालत होता, किती सेकंदांत उठत होता, कुणी मोजलं होतं? कुणीच नाही.

हे समजून घ्यायला मी सेकंड इयरच्या सुट्टीत नेटवर बसलो आणि शोधता शोधता कुत्र्यांपर्यंत पोहोचलो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत काही गोल्डन रिट्रीव्हर पिल्लांना हुबेहूब असाच आजार आढळला. डॉ. जो कॉर्नेगे या पशुवैद्यकाने अशा एका वेतातल्या पिल्लांचं वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बॅरी कूपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुत्र्यांत बिघडलेलं जनुक तेच, माणसातलं डिस्ट्रॉफिनचं. १९९२ मध्ये नेमकी चूक सापडली. जनुकाच्या एका सांध्यावर एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे सातवा तुकडा वाचताना गळतो आणि पुढचं सगळं वाचन घसरतं. ई अँड टीसीवाल्यांना हे चटकन कळेल. सिरीअल डेटा घेताना फ्रेम एकदा चुकली की पुढचे सगळे बाइट कचरा.

मग उंदीर का चालत नाही? असा उंदीर आहे. १९८४ पासून माहीत आहे. त्याच्यातही डिस्ट्रॉफिन नाही, पण पठ्ठ्या बऱ्यापैकी धडधाकट जगतो. कुत्र्याचं तसं नाही. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की चाल आखडायला लागते. सहा महिन्यांत पाय वाकतात, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखं उडत चालतं, जबडा नीट उघडत नाही, जीभ जाड होते. पुढे हृदयही आजारी पडतं. काही पिल्लं तर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत श्वासाच्या स्नायूंमुळे जातात. पार्टनरने व्हिडिओत पाहिलं ते खोटं नव्हतं.

या कुत्र्यांवर शास्त्रज्ञांनी नेमकं काय केलं? औषधं तर दिलीच. पण त्याआधी वर्षानुवर्षं एक कंटाळवाणं काम केलं : औषध न देता आजार आपल्या गतीने कसा पुढे सरकतो ते मोजलं. कुत्र्याला भूल देऊन त्याचं पाऊल जोर मोजणाऱ्या यंत्राच्या पॅडलला बांधायचं, नसेला विजेचा हलका झटका द्यायचा, आणि घोटा किती जोराने वाकतो, किती जोराने सरळ होतो ते नोंदवायचं. मग त्या जोराला वजनाने भागायचं. सांधे किती अंशात आखडलेत ते कोनमापकाने मोजायचं. ठरावीक वयांना हेच पुन्हा. फ्रान्समध्ये आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेतल्या गटाने कुत्र्यांच्या अंगाला तीन अक्षांचा अॅक्सेलरोमीटर पट्ट्याने बांधून चाल मोजली. तोच सेन्सर आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. माणसांच्या चाचण्यांत वापरतात ती सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं याची परीक्षा कुत्र्यांनाही लावली. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये एका कॅव्हेलिअर स्पॅनिअल कुळातला वेगळा बिघाड सापडला. तो बीगल जातीत आणून तिथेही असंच मोजमाप चालू झालं.

या मोजमापातून ज्या गोष्टी कळल्या त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली. आजार सरळ रेषेत उतरत नाही. कुत्र्यात तीन ते सहा महिन्यांच्या काळात तो सगळ्यात वेगाने वाढतो, आणि हा काळ साधारण मुलांच्या पाच ते दहा वर्षांशी जुळतो. शिवाय सगळे स्नायू एका वेगाने जात नाहीत. घोटा वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू वेगवेगळ्या गतीने कमजोर होतात. मांडीचा एक स्नायू तर उलट फुगतो.

दुसरी. एकच आकडा बघणारा फसतो. या कुत्र्यांना प्रेडनिसोन दिलं. मुलांनाही हेच किंवा याच कुळातलं स्टेरॉइड देतात, आणि त्याने चालणं काही काळ टिकतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की घोटा सरळ करण्याचा जोर वाढला आणि वाकवण्याचा जोर कमी झाला! फक्त पहिला आकडा छापला असता तर टाळ्या, फक्त दुसरा छापला असता तर शिव्या.

तिसरी. एकाच घरातले दोघेही सारखे नसतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात मायाना झात्झ यांच्याकडे रिंगो नावाचा कुत्रा होता. डिस्ट्रॉफिन अजिबात नाही, तरी गडी मजेत चालायचा, पळायचा. त्याचा मुलगा सुफलेअर, तोही तसाच. २०१५ मध्ये कारण सापडलं. जॅग्ड-वन नावाचं दुसरंच एक जनुक या दोघांत जास्त काम करत होतं. आता समजा, रिंगोला कुणी एखादं चूर्ण दिलं असतं, तर त्या चुर्णाच्या जाहिराती आजपर्यंत चालल्या असत्या.

आणि आता छोटूकडे या. मुलांच्या अशाच अभ्यासातून कळलेली गोष्ट अशी की ड्यूशेनची मुलं साधारण सात वर्षांची होईपर्यंत सहा मिनिटांत चालण्याचं अंतर बऱ्याचदा टिकवतात, कधी वाढवतातही. आजार आतून पोखरत असतो, पण मूल वाढत असतं, उंची वाढते, पाऊल लांब पडतं. सातनंतर आजार वाढीला मागे टाकतो. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला मिठाचं पाणी टोचलं तरी तीन महिन्यांनी तो थोडा बरा चालू शकतो.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. काकांच्या चार गुंठ्यांचा हिशेब त्या आलेखाच्या एका रेषेत होता. इंजेक्शन देणाऱ्यांना तो माहीत होता की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात तो माहीत नव्हता, एवढं नक्की. २०१७ मध्ये आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने स्टेम सेलबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत करावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. कराडकडच्या एका गावात ती तत्त्वं कोण वाचणार?

म्हणून माझं पहिलं मत : आजार कसा सरकतो एवढंच मोजणाऱ्या माणसाला आपण फार कमी मान देतो. औषध शोधणाऱ्याचं नाव पेपरात येतं. पण पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तोच घोटा मोजणाऱ्याने जी रेषा काढून ठेवली, तिच्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे कुणी सांगू शकत नाही. गरिबाला फसवणुकीपासून वाचवणारी गोष्ट हीच. आपल्या भाषेत सांगायचं तर ही कॅलिब्रेशनची रेषा. जर्नलमध्ये आपण ती मित्राच्या वहीवरून उतरवतो, आणि म्हणून तिची किंमत आपल्याला नाही.

आता पार्टनरची बाजू. ती मी टाळणार नाही.

त्याचं म्हणणं, "रेषा महत्त्वाची, मान्य. पण ती काढायला पिल्लाला जन्मतःच आजारी बनवायचं, हा हक्क कुणी दिला? छोटूला दुखतं ते छोटू सांगतो तरी. पिल्लू काय सांगणार?" याला माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉ. कॉर्नेगे यांचं हे काम चालू होतं. तिथल्या कुत्र्यांचे व्हिडिओ २०१६ च्या अखेरीस प्राणिमित्र संघटनेने बाहेर आणले, मोठी मोहीम झाली, आणि २०१९ मध्ये विद्यापीठाने अशा कुत्र्यांची पैदास थांबवल्याचं सांगितलं. पार्टनर याला विजय म्हणतो. मला आधी राग आला होता. आता तेवढा येत नाही.

कारण कुत्र्याचं उत्तर म्हणजे माणसाचं उत्तर नाही, हेही गेल्या काही वर्षांत दिसलंय. लॅब्राडॉर जातीत मायोट्यूब्युलर मायोपथी नावाचा दुसरा एक स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या एका कुळातून तो शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचला. २०१४ मध्ये जनुकोपचाराने ही पिल्लं उभी राहिली, चालली, जगली. सगळ्यांनी आनंदाने डोळे पुसले. मग तोच उपचार मुलांवर सुरू झाला. काही मुलं व्हेंटिलेटरवरून खरोखरच सुटली, पण २०२० आणि २०२१ मध्ये त्या चाचणीतली चार मुलं यकृताच्या त्रासातून दगावली. कुत्र्यांनी हे सांगितलं नव्हतं. ड्यूशेनचंही तसंच. २०१८ मध्ये टेक्सासच्याच दुसऱ्या एका संस्थेत, डॅलसला, एरिक ओल्सन यांच्या गटाने चार पिल्लांवर जनुक दुरुस्त करण्याचं तंत्र वापरलं. काही स्नायूंत डिस्ट्रॉफिन नेहमीच्या ९० टक्क्यांपर्यंत परत आलं, काहींत ३ टक्के. बातम्यांत ९० आलं. ३ टक्के कुठल्या बातमीत वाचल्याचं मला तरी आठवत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये एलेव्हिडिस नावाचा जनुकोपचार मंजूर झाला. किंमत ३२ लाख डॉलर, आपले पंचवीस कोटींहून अधिक. २०२५ मध्ये व्हीलचेअरवरची दोन मुलं त्यानंतर यकृत निकामी होऊन गेल्यावर अशा मुलांना तो देणं थांबवलं. छोटू व्हीलचेअरवर आहे. काकांनी ती बातमी मला फॉरवर्ड केली होती, खाली काहीही न लिहिता.

आपल्याकडे दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात मदतीची मर्यादा आता ५० लाख आहे, आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. ५० लाख आणि पंचवीस कोटी यांतलं अंतर कुठल्या चाचणीने मोजायचं?

तर माझं दुसरं मत, पार्टनरशी भांडून भांडून बनलेलं. जी कुत्री या अभ्यासात गेली त्यांचं ऋण आहे, ते नाकारणं मला जमणार नाही. पण ते फेडायचं तर त्यांच्यावरचे आकडे सगळ्यांना मोकळे मिळाले पाहिजेत, म्हणजे तोच आकडा पुन्हा काढायला आणखी एक पिल्लू जन्माला घालावं लागणार नाही. आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांना केंद्राच्या समितीची परवानगी लागते. ती गाळणी आणखी बारीक झाली तर माझी तक्रार नाही. घरोघरी जे कुत्रं असा आजार घेऊन आपसूक जन्मतं, त्याला पेशंट समजून उपचार करता करता मोजता येतं. त्याला पिंजरा लागत नाही. त्याचा मालक शेजारी बसलेला असतो.

आणि घरोघरी अशी कुत्री जन्माला येतात याला जबाबदार कोण, तेही बोलू. शनिवारी तुंगार्लीच्या रस्त्यावरून चक्कर मारा. मुंबई-पुण्याच्या गाड्यांतून उतरणारे लॅब्राडॉर आणि गोल्डन मोजा. यांतल्या किती जणांच्या मालकांनी पिल्लू घेताना आई-बापाची जनुकीय तपासणी मागितली असेल? लॅब्राडॉरमधला सेंट्रोन्यूक्लिअर मायोपथी हा आजार १९७० च्या दशकापासून माहीत आहे. त्याचं जनुक २००५ मध्ये सापडलं आणि साधी डीएनए तपासणी निघाली. आई-बाप दोघंही दिसायला ठणठणीत, पण दोघंही वाहक असतील तर चारातलं एक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता. असा एक बिघाड एका पूर्वजापासून सुरू होऊन जगभर पसरला, कारण देखणा नर सगळ्यांनाच पैदाशीला हवा असतो. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यावर आपण चिडतो. पण "पेपरवालं पिल्लू आहे, बघ कसला रुबाब आहे" म्हणत तपासणीशिवाय पैदास करणारा आणि विकत घेणारा, तेच काम घरबसल्या करतात. फक्त ते मोजत नाहीत, एवढाच फरक. पार्टनरला माझा हा एकच परिच्छेद पूर्ण पटला.

आता आपण काय करायचं? आपण म्हणजे इंजिनिअरिंगवाले, हॉस्टेलवाले, आणि हे वाचत असलेले सरलोक.

दरवर्षी फायनल इयरला आपल्याकडे किती लाइन फॉलोअर रोबो आणि ट्रॅफिक लाइट कंट्रोलर बनतात? त्यांतले किती पुण्याहून तयार आणले जातात, ते मी छापत नाही. त्याऐवजी एक प्रोजेक्ट हा करा. मोबाईलचा अॅक्सेलरोमीटर आणि कॅमेरा वापरून घरच्या घरी चाल मोजणारं एक साधं अॅप. जमिनीवरून उठायला किती सेकंद, दहा मीटर चालायला किती सेकंद, चार पायऱ्या चढायला किती. दर तीन महिन्यांनी तेच, त्याच पद्धतीने, तारखेसकट. मराठीत सूचना, नेट नसलं तरी चालणारं. डॉक्टरांना बरोबर घेऊन, रीतसर परवानगीने, आणि मुलाची माहिती त्याच्या घरच्यांच्याच मालकीची ठेवून. यात नोबेल मिळणार नाही. पण उद्या कुणी दुसऱ्या काकांना इंजेक्शन विकायला आला, तर त्यांच्या हातात एक रेषा असेल. ते विचारू शकतील, "याच्यापेक्षा किती वर नेणार? किती दिवसांत? लिहून द्या." चार गुंठे वाचवायला तेवढं पुरतं.

लोणावळ्याला हे काम परकंही नाही. इथे कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात काय घडतं ते यंत्रं लावून तपासायला घेतलं. "फायदा होतो" या ऐकीव शब्दावर न थांबता मोजून बघायचं, ही शंभर वर्षांची शिकवण आपल्या हॉस्टेलपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

आणि शेवटचं, जे मोजायला सेन्सरसुद्धा लागत नाही. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार धरलेत, त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखायच्या आहेत. छोटूचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे. त्याला कॉम्प्युटर घ्यायचाय. दिवाळीत त्याने मला विचारलं, "दादा, तुझ्या कॉलेजात लॅबला जायला पायऱ्या किती?"

मी ठोकून दिलं, "असतील दहा-बारा."

परत आल्यावर मोजल्या. मुख्य दारापासून आमच्या लॅबपर्यंत ४७. लिफ्ट आहे, पण तिथे पोहोचायलाच आधी ६ पायऱ्या चढाव्या लागतात. हॉस्टेलच्या मेसला ३, आणि बाथरूमचा उंबरा वेगळा. तीन वर्षं मी या पायऱ्यांवर बसून चहा प्यायलो, सबमिशनच्या फायली पूर्ण केल्या, पण मोजल्या कधीच नव्हत्या.

परवा पार्टनर आणि मी पुन्हा धरणावर गेलो होतो. केटी नेहमीप्रमाणे वर जाऊन बसली होती. पार्टनरने स्वतःचा मोबाईल तिच्या पट्ट्याला बांधला आणि म्हणाला, "चल, आधी निरोगी कुत्र्याची रेषा तर काढू." केटीने दहा पावलं टाकली आणि मोबाईल चिखलात पाडला. पहिलं रीडिंग वाया गेलं. दुसरं नीट आलं, ते आमच्याकडे आहे. कुणाला प्रोजेक्टमध्ये यायचं असेल तर रात्री मेसनंतर आमच्या रूमवर या. आणि ज्यांना त्या ६ पायऱ्यांच्या शेजारी रॅम्प व्हावा असं वाटतं, त्यांनी अर्जावर सह्या करायला या. अर्ज पार्टनरने लिहिलाय. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

— एक वसतिगृहवासी,
तृतीय वर्ष, ई अँड टीसी